आधी गुरं, मग गोल्फ

पुण्यात येरवड्याला गोल्फ क्लब चौक आहे. तिथून रोज हजारो माणसं ये-जा करतात. त्यातल्या किती जणांनी गोल्फचा चेंडू हातात धरला असेल? मीही त्यातलीच. हा खेळ आपला नाही, एवढं एक आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तो साहेबाचा, लष्करातल्या बड्या अधिकाऱ्यांचा आणि अलीकडे बिल्डरांच्या जाहिरातींचा. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना. खेळ आपल्याकडे येऊन दोनशे वर्षं होत आली, तरी गल्लीतल्या पोरांनी काही तो उचलला नाही.

नव्वदच्या दशकात त्याचं उरलंसुरलं नावही गेलं. थायलंड, मलेशिया, जपान इथे गोल्फ कोर्ससाठी डोंगर कापले जात होते, शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या. १९९३ साली तर गोल्फविरोधी जागतिक आघाडीच उभी राहिली. गोव्यातही आंदोलनं झाली. मुद्दे सरळ होते: पाणी कोणाचं, फवारलेली औषधं कोणाच्या विहिरीत उतरणार, आणि गावाने गुरं कुठे चारायची? हे सगळे मुद्दे मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटतात. म्हणूनच ‘पर्यावरणपूरक गोल्फ’ असं कुठे वाचलं की मला हसू यायचं. हॉटेलच्या बाथरूममध्ये ती छोटी पाटी असते ना, ‘पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’, त्याच जातीतलं हे वाटायचं. टॉवेल धुण्याचा खर्च त्यांचा वाचतो आणि पुण्य आपल्या खात्यावर!

माझे भावोजी ग्लासगोला डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. गोल्फचं वेड इतकं, की ताई गमतीने त्याला सवत म्हणते. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी बेत काढला आउटर हेब्रिडीजचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये पसरलेली ही बेटं, आणि त्यातलं साउथ यूइस्ट. मी नाक मुरडलं तर म्हणाले, “तू चल तर. गोल्फ बघायचा नसला तर गुरं बघ.”

मला वाटलं थट्टा करतायत.

मुख्य भूमीवरच्या मलेग बंदरातून बोटीने साडेतीन तास लागतात बेटावरच्या लॉकबॉइसडेलला पोहोचायला, तेही बोट सुटली तर. वारा वाढला की फेरी रद्द, आणि फेरी रद्द झाली की दुकानातल्या फळ्यांवरचे पाव, दूध, भाजी बघता बघता संपते. बेट उत्तर-दक्षिण सुमारे पस्तीस किलोमीटर लांब. पूर्वेकडे डोंगर आणि काळी दलदल, मधोमध असंख्य तळी, पश्चिमेकडे सलग वाळूचा किनारा. झाड शोधून काढावं लागतं. जूनमध्ये रात्री साडेदहाला पेपर वाचता येईल इतका उजेड असतो, आणि वारा चोवीस तास.

पश्चिम किनाऱ्याच्या मागे जी सपाट, गवताळ पट्टी आहे तिला तिथे मॅखर म्हणतात. ही जमीन जगात फक्त स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या या किनाऱ्यांवर आहे. समुद्र शिंपले दळून त्यांचं पीठ करतो, वारा ते पीठ आत आणून टाकतो. आतली माती आम्लयुक्त, काळी, पाणी धरून बसणारी. तिच्यावर हा चुनखडीचा थर बसला की जमीन सुपीक होते. पण आपोआप नाही. माणसांनी पिढ्यानपिढ्या वादळानंतर किनाऱ्यावर आलेलं शेवाळ गाड्यांनी ओढून तिच्यावर पसरलं, एखाद-दोन वर्षं ओट आणि राय पिकवली, मग तीच पट्टी पडीक टाकली. पडीक पट्टीवर फुलं येतात. जूनच्या अखेरीला मी गेले तेव्हा पिवळं, पांढरं, जांभळं असं जे काही पायाखाली होतं, ते बघून मला आमच्या रत्नागिरीकडचा भाद्रपदातला सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, आठवला. सीतेची आसवं, तेरडा आणि चरायला सोडलेल्या म्हशी.

या फुलांमध्ये कॉर्नक्रेक नावाचा एक पक्षी लपून असतो. आफ्रिकेतून येतो, उंच गवतात घरटं करतो, दिसत जवळजवळ नाहीच. रात्रभर कंगव्याच्या दात्यांवर नख ओढल्यासारखा कर्र-कर्र आवाज मात्र करतो. ब्रिटनमधून तो बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला, कारण गवत यंत्राने लवकर कापलं जाऊ लागलं. इथे टिकला, कारण इथे कापणी उशिरा होते आणि बरेच शेतकरी शेताच्या मधून कापायला सुरुवात करून कडेकडे येतात. पिल्लांना पळायला वाट राहते. (उलट बाजूने गोल गोल कापत आत गेलं की सगळी पिल्लं मधल्या शेवटच्या झुबक्यात अडकतात. इतकी साधी गोष्ट.)

बेटावर चुकाही झाल्या आहेत, आणि त्यातली एक फार बोलकी आहे. १९७४ साली बागेतल्या गोगलगायी खायला म्हणून कोणीतरी मुख्य भूमीवरून काही साळू आणले. आपलं साळिंदर नव्हे, मुठीएवढा, गोजिरवाणा हेजहॉग. त्यांनी गोगलगायी खाल्ल्या की नाही देव जाणे. जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या आणि तुतवारांची अंडी मात्र फस्त केली. मग २००३ पासून सरकारी खर्चाने साळू पकडायची मोहीम. आधी मारत होते, त्यावर प्राणिप्रेमींनी काहूर माजवलं, तेव्हा पकडून परत मुख्य भूमीवर पाठवू लागले. निसर्गाला मदत करायला निघालेल्या प्रत्येकाने ही हकीकत ऐकावी.

तर याच मॅखरवर आस्करनिशचा गोल्फ कोर्स आहे.

१८९१ साली बेटाची मालकीण होती लेडी गॉर्डन कॅथकार्ट. श्रीमंत पाहुण्यांनी यावं म्हणून तिने गोल्फचं माहेरघर असलेल्या सेंट अँड्र्यूजहून ओल्ड टॉम मॉरिसला बोलावलं. हा माणूस म्हणजे गोल्फमधला भीष्माचार्य. गोल्फमधली मानाची ओपन स्पर्धा चार वेळा जिंकलेला, सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची वर्षानुवर्षं निगा राखणारा, तेव्हा सत्तर वर्षांचा. त्याने टेकड्यांतून फिरून अठरा होलच्या, म्हणजे चेंडू जिथे घालवायचा त्या खड्ड्यांच्या, जागा ठरवल्या. त्या काळी बुलडोझर नव्हता. जमीन जशी होती तशीच घ्यायची, वाळूच्या टेकाडांमधल्या सपाट खळग्यात ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक हिरवळ, दोन टेकाडांच्या मधून वाट. गवत कापायचं काम मेंढ्या आणि सशांचं. किनाऱ्यावरचा मूळचा गोल्फ असाच जन्मला आहे. नांगराला निरुपयोगी वाळू, तिच्यावर चरणारी मेंढरं, आणि वेळ असलेली माणसं. मखमली हिरवळ, तळी, कारंजी हे सगळं नंतर आलं. जिथे वाळू नव्हती, पाऊस नव्हता, पण पैसा होता, तिथे आलं.

पुढे पाहुणे काही फारसे आले नाहीत. १९३० च्या दशकात कोर्सच्या काही भागावर विमानं उतरू लागली. टेकड्यांमधले होल वाऱ्याने, वाळूने, सशांनी गिळले. सपाटीवर नऊ होलचं एक मैदान गावकऱ्यांनी कसंबसं चालू ठेवलं. २००५ मध्ये गोल्फ मैदानांची देखभाल करणारा एक तज्ज्ञ मासेमारीसाठी बेटावर आला, टेकड्यांमध्ये शिरला आणि ओल्ड टॉमचा कोर्स तिथेच कुठेतरी आहे हे त्याच्या ध्यानात आलं. नकाशा तर मिळालाच नाही. जमिनीचे उतार वाचून, ग्रीन इथेच असणार, टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, तिथे असणार असे अंदाज बांधत, बरीचशी कामं फुकट करत त्याने आणि त्याच्याबरोबरच्या मंडळींनी २००८ मध्ये अठरा होलचा कोर्स पुन्हा खुला केला. गवताला रासायनिक औषधं नाहीत. खत लागलंच तर शेवाळाचं. पाणी पावसाचं, आणि त्याची तिथे ददात नाही. हिवाळा आला की गुरं आणि मेंढ्या मैदानावर.

भावोजींबरोबर मी सगळा कोर्स चालले. पहिले सहा होल सपाट. तिथे मला वाटलं, एवढं समुद्र ओलांडून यायला हे काय विशेष? सातव्याला टेकाड चढून वर आलो आणि खाली एकदम समुद्र, टेकड्यांच्या लाटा, आणि दूर एका खळग्यात फडफडणारं निशाण. भावोजींनी मारलेला चेंडू वाऱ्याने उचलला आणि कुठेतरी उंच गवतात टाकला. ते शोधायला गेले, मी मदतीला. चेंडू सापडला नाही, पण एका शेणाच्या वाळक्या पोहाच्या बाजूला ऑर्किडची ही एवढी रांग सापडली, वीतभर उंचीची, जांभळी. मी वाकून बघत होते आणि भावोजी म्हणत होते, “अगं, पांढरं काही दिसतंय का?” गोल्फचे हरवलेले चेंडू हा तसा गमतीचा विषय नाही. कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या कोर्सजवळ पाण्यातून पन्नास हजारांवर चेंडू काढले गेले आहेत, आणि ते वर्षानुवर्षं झिजून प्लास्टिक सोडत राहतात. इथे औषध नसलं तरी चेंडू प्लास्टिकचाच आहे. हे मी भावोजींना ऐकवलं. त्यांनी दुसरा चेंडू खिशातून काढला.

आम्ही उतरलो होतो तो इन, म्हणजे घरगुती छोटं हॉटेल, रस्त्याच्या कडेला, मोजक्या खोल्यांचा. नाव देत नाही, कारण मालकीणबाईंना जाहिरातीची हौस दिसली नाही. ‘इको’ हा शब्द घरात कुठेही लिहिलेला नव्हता. आत शिरल्याशिरल्या एक बोळवजा खोली लागते, वाळवणाची. बेटावर रोज माणूस एकदा तरी भिजतोच. भिंतीला आडव्या लाकडी काठ्या, त्यांवर टांगलेले रेनकोट, लोकरी मोजे, खाली जुन्या वर्तमानपत्रांवर बुटांच्या जोड्या, बुटांच्या आत कोंबलेले कागदाचे बोळे. ओल्या लोकरीचा वास. गरम पाण्याच्या टाकीची ऊब या खोलीत येईल अशी रचना केलेली, म्हणजे टाकीची वाया जाणारी उष्णता कपडे वाळवते. ड्रायर नाही. मी विचारलं तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, “वीज महाग आहे हो. आणि माझ्या सासूबाईंनीच ही खोली अशी केली होती.” एवढंच स्पष्टीकरण.

रात्री जेवण आटोपलं की त्या वही घेऊन टेबलापाशी येत. सकाळी पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, किती जणांना, अंडी किती, कोणाला नुसता टोस्ट. आमच्याकडे घरगुती खाणावळीत ‘दुपारी किती पानं?’ असं सकाळी विचारतात, अगदी तसंच. त्यामुळे मोठ्या हॉटेलांतला तो नाश्त्याचा लांबलचक पसारा नाही, आणि त्यातलं दुपारी फेकलं जाणारं निम्मं नाही. उरलंसुरलं मागच्या अंगणातल्या कोंबड्यांना. मेनूही एकच: आज बोटीत जे आलं ते. एकदा कोळंबीची मोठी बहीण लँगुस्टीन, एकदा बेटावरचं मटण, आणि एकदा वादळामुळे बोटी गेल्याच नाहीत तेव्हा बटाट्याचं सूप आणि चीज. शेजारच्या टेबलावरचे एक गोल्फर गृहस्थ कुरकुरले. मालकीणबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समुद्र पांढरा झाला होता.

नळाचं पाणी किंचित चहाच्या रंगाचं. दलदलीतल्या काळ्या मातीतून, म्हणजे पीटमधून, झिरपून येतं. तेच पीट वाळवून विटा करून शेकोटीत घालतात. त्या धुराचा वास मला फार आवडला, सगळ्याच पाहुण्यांना आवडतो, आणि नेमकी हीच गोष्ट खरं तर पर्यावरणाला धरून नाही. पीटचा एक मीटर थर साठायला साधारण हजार वर्षं लागतात, आणि त्या थरात कार्बन कोंडलेला असतो. घराघरात हाताने कापलेलं थोडं पीट जाळलं तर जग बुडत नाही हे खरं. पण पाहुण्यांना ‘अस्सल’ वाटावं म्हणून जाळणं वेगळं. या इनमध्ये शेकोटी फक्त संध्याकाळी पेटायची, एकाच खोलीत, आणि सगळ्यांनी तिथेच बसायचं. खोल्या गरम व्हायच्या विजेच्या उष्णतापंपावर. मुंबईहून विमानाने आलेल्या बाईने यापुढे कार्बनवर व्याख्यान देऊ नये, म्हणून थांबते.

शेकोटीभोवती बसल्यामुळेच मला बेटाची खरी गोष्ट कळली. ती गोल्फची नाही, जमिनीची आहे.

लेडी कॅथकार्टच्या आधीच्या पिढीतला मालक कर्नल गॉर्डन. त्याने १८३८ मध्ये हे बेट विकत घेतलं. शेवाळ जाळून त्याची राख काच-साबणाच्या कारखान्यांना विकायचा जुना धंदा बसला होता, खंड वसूल होत नव्हता, वर बटाट्यावरच्या रोगाने दुष्काळ. त्याने हजाराहून जास्त माणसांना उठवून कॅनडाच्या जहाजांवर चढवलं, अनेकांना जबरदस्तीने. १८८६ मध्ये कायदा झाला आणि क्रॉफ्टरांना, म्हणजे तिथल्या छोट्या कुळांना, जमिनीवरून हुसकता येणार नाही असं संरक्षण मिळालं. तरी भूक होतीच. १९०८ मध्ये शेजारच्या व्हॅटरसे बेटावर मालकिणीच्या जमिनीत घुसून झोपड्या बांधणारे दहा जण तुरुंगात गेले. ती मालकीण कोण? हीच गोल्फ कोर्सवाली बाई.

कोकणातल्या माणसाला हे ऐकताना भाषांतराची गरज नाही. खोत, कुळं, मक्ता, वेठ. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासून चाललेला सहा वर्षांचा संप. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोतीविरोधी विधेयक. मग स्वातंत्र्यानंतर खोतीचं उच्चाटन आणि १९४८ चा कूळकायदा. आमच्या घरात अजूनही त्या सातबाऱ्यावरून दोन चुलत घराणी बोलत नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा एक म्हातारे क्रॉफ्टर खुर्ची ओढून जवळ आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “आणि चराईचं काय केलंत तुम्ही?”

आम्ही काय केलं? शेतं कुळांच्या नावावर झाली. सडा मात्र सामायिक नावांचा राहिला, पन्नास-साठ नावं एका उताऱ्यावर, निम्मी माणसं मुंबईत. नावं जुळवून आणणारा दलाल भेटला की तो विकला जातो. मग जांभा फोडून कलमांच्या बागा, नाहीतर रिसॉर्ट. विकायला आणि घ्यायला दोघेही राजी असतात. गुरं चारणाऱ्याला कोणी विचारत नाही, कारण त्याचा हक्क कुठे लिहिलेलाच नाही.

यूइस्टमध्ये तो लिहिलेला आहे. सामायिक चराईत कोणाची किती गुरं आणि किती मेंढ्या, हे क्रॉफ्टच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून २००५ नंतर गोल्फवाल्यांनी टेकड्यांत निशाणं रोवायचं ठरवलं, तेव्हा काही क्रॉफ्टर उभे ठाकले. आमच्या पूर्वजांना हुसकणाऱ्या मालकांची हौस आम्ही का पुरवायची, आणि आमच्या चराईवर टोपीवाले का फिरणार? प्रकरण जमीन न्यायालयापर्यंत गेलं. त्याच सुमारास, २००६ च्या नोव्हेंबरात, बेटवासीयांनी मिळून स्टोरास ऊइश्ट ही संस्था काढली आणि जवळपास ९३,००० एकर जमीन ४५ लाख पौंडांना मालकांकडून विकत घेतली. म्हणजे एका बाजूला गाव आता स्वतःच जमीनदार, आणि दुसऱ्या बाजूला गावातलेच काही लोक त्याच्याशी भांडत होते. आज बेटाच्या उत्तरेला लॉक कार्ननला गावाच्या मालकीच्या तीन पवनचक्क्या फिरतात आणि त्यांचं उत्पन्न या संस्थेकडे येतं. गोल्फ कोर्स खेळता आहे. गुरंही आहेत.

माझं मत विचाराल तर कोर्सवर औषध फवारत नाहीत ही काही कोणाची सदिच्छा नाही. ज्या गवतावर उद्या आपली गाय सोडायची आहे, त्यावर कोणी विष मारू देत नाही. सगळं कोडं तिथेच सुटतं. चराईचा हक्क शाबूत आहे तोवर गोल्फला गुरं चारणाऱ्याच्या मर्जीने राहावं लागतं. तो हक्क विकत घेऊन कुंपण घातलं, की त्याच वाळूवर त्याच ओल्ड टॉमच्या नावाने फवारे आणि खतं यायला किती वेळ लागेल? इनचंही तेच. वीज महाग, बोट बेभरवशाची, कचरा टाकायला जागा नाही. त्यातून ती वाळवणाची खोली आणि ती वही आली. उद्या तिथे रोज विमानाने भाजी यायला लागली तर वही राहील का, याची मला शंका आहे.

शेवटच्या संध्याकाळी शेकोटीपाशी मैदानाची निगा राखणारा एक तरुण आणि ते म्हातारे क्रॉफ्टर यांची जुंपली. विषय: वसंतात गुरं मैदानावरून नेमकी कधी उठवायची. तरुणाचं म्हणणं, खूर ओल्या ग्रीनमध्ये रुततात, महिनाभर आधी न्या. म्हाताऱ्यांचं म्हणणं, आतलं गवत तोवर वाढलेलंच नसतं, मग त्यांना काय तुझी निशाणं खाऊ घालू? तरुण म्हणाला, ग्रीनभोवती तारा घालतो. म्हातारे म्हणाले, तारा गेल्या वर्षीही घातल्या होत्यास. दोघं मध्येच गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या मूळ भाषेत, शिरायचे आणि आमच्याकडे बघून परत इंग्रजीत यायचे. भावोजींनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. त्यांनी सुचवलेली तारीख दोघांनीही एकमताने फेटाळली. मालकीणबाई वही घेऊन आल्या आणि सकाळची बोट लवकरची आहे तर पॉरिज साडेपाचला चालेल का, असं त्यांनी आम्हाला विचारलं.